आकाशातील छिद्र आणि अवरक्त किरण



अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हर्शेल हे इंग्लंडमध्ये स्वतः घडविलेल्या दुर्बिणीतून आकाशाचा पट पद्धतशीरपणे न्याहाळीत होते. वृश्चिक राशीत, ताऱ्यांच्या दाटीतच, जवळजवळ एकही तारा नसलेला काळा भाग त्यांना आढळला. आकाशाला तेथे छिद्रच पडले आहे, असा त्यांचा समज झाला. पुढे १८०० साली त्यांनी सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून एकेका रंगाची उष्णता मोजली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेच तापमापकातील पारा अधिक चढला. हेच अवरक्त किरण. त्या छिद्राचा उलगडा या किरणांनीच व्हावयाचा होता, याची कल्पना मात्र त्यांना येणे शक्य नव्हते.

ते छिद्र म्हणजे धुळीचा मेघ, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. या धुळीचे बहुतेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्यांच्या आकाराच्या जवळपास असल्याने तो प्रकाश विखुरला व शोषला जातो. अवरक्त किरणांची तरंगलांबी अधिक. म्हणून ते पुष्कळ अंशी पार होतात.

मग हे निरीक्षण पृथ्वीवरूनच का करू नये? वातावरणातील बाष्प हे किरण बहुतांशी शोषून घेते. शिवाय हवा आणि दुर्बीण दोन्ही उबदार असल्याने स्वतःच अवरक्त किरण बाहेर टाकतात. भर दुपारी तारे शोधण्यासारखाच तो प्रकार. म्हणून १९८३ साली अमेरिका, नेदरलँड्स व ब्रिटन यांनी द्रवरूप हेलियमने थंड केलेली ‘आयरास’ ही दुर्बीण अवकाशात पाठविली. हेलियम संपेपर्यंतच्या सुमारे १० महिन्यांत तिने ९६ टक्के आकाश पाहिले. अभिजित ताऱ्याभोवती धूळ असल्याचे तिच्यामुळेच कळले.

२५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, पाच पदरी पडद्याच्या सावलीत काम करते. तिचा आरसा ६.५ मीटर व्यासाचा आहे. जुलै २०२३ मध्ये तिने टिपलेले ‘ऱ्हो ऑफियुची’ मेघाचे चित्र प्रसिद्ध झाले. हर्शेल यांना छिद्र भासले, तोच हा परिसर. सुमारे ३९० प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या काळोखात जवळपास ५० कोवळे तारे दिसले. काहींभोवती भावी ग्रहमालांच्या तबकड्यांच्या सावल्याही.

हर्शेल यांनी काळोख अचूक टिपला होता. त्याच्या पोटात तारे जन्म घेत आहेत, हे त्यांच्याच किरणांनी दाखविण्यास दोन शतके लागली.