दीड मीटर बाकी आहे

(डिसेंबर २०२५ च्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

माझ्या १९८५ च्या दहावीच्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी बोलणाऱ्यांना एकच अट घातली आहे : आयुष्यात जे केलं त्यातलं काहीतरी सांगा. नोकरी मी बँकेत केली. त्याविषयी ऐकायला तुम्ही इतक्या लांबून आला नाहीत. पण गेली तीस वर्षं सुट्टीच्या दिवशी मी मैदानी स्पर्धांमध्ये पंच म्हणून अंतिम रेषेपाशी घड्याळ घेऊन उभा असतो. त्यामुळे लग्नात, बारशात, कुठेही भेटलेला माणूस मला हमखास विचारतो, "काय हो, तो बोल्टचा विक्रम कधी मोडणार?" आज धावण्याचे कुठले जागतिक विक्रम मोडतील आणि कुठले मोडणार नाहीत, यावरच बोलतो.

आधी माझी मोजायची पद्धत सांगतो. शतांश सेकंद ही गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहत नाही. म्हणून मी सेकंदांचं अंतर करतो. विक्रमवीर रेषेवर पोचला, तेव्हा दुसरा धावपटू किती मागे असता? तेवढं कळलं की अंदाज बांधता येतो.

बोल्टपासून सुरुवात करू. १६ ऑगस्ट २००९, बर्लिन, १०० मीटर, ९.५८ सेकंद. त्याच्याखेरीज जगातली सर्वांत वेगवान वेळ ९.६९, टायसन गे आणि योहान ब्लेक या दोघांची. म्हणजे ते सव्वा मीटर मागे. ब्लेकची ती वेळही २०१२ ची. यंदा जमैकाचा किशेन थॉम्पसन ९.७५ धावला, तो दोन मीटर मागे. सोळा वर्षांत अंतर कमी झालेलं नाही. माझं उत्तर : नजीकच्या काळात नाही.

आता मोडायला आलेले विक्रम बघा. पुरुषांच्या ८०० मीटरमध्ये केनियाच्या डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १ मिनिट ४०.९१ सेकंद वेळ दिली, तीही पहिल्या पावलापासून स्वतः पुढे राहून. २०२४ मध्ये पॅरिसला इमॅन्युएल वान्योन्यी आणि कॅनडाचा मार्को अरोप यांच्यात फक्त एक शतांश सेकंदाचा फरक होता, आणि त्यानंतर काही दिवसांतच वान्योन्यी लोझानला १:४१.११ धावला. उरला दीड मीटर. महिलांच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये तर बहरीनची विन्फ्रेड यावी २०२४ मध्ये रोमला ८:४४.३९ धावली. विक्रम आहे ८:४४.३२. तीन किलोमीटर, मध्ये अडथळे आणि पाण्याचे खड्डे, आणि शेवटी राहिलं काय, तर हातभर अंतर! महिलांच्या ४ x ४०० रिलेत सोव्हिएत संघाचा १९८८ चा विक्रम अमेरिकेच्या मुलींच्या हातून पॅरिसला दहा शतांश सेकंदांनी निसटला.

विक्रम कुठे मोडतात, याचंही एक गणित आहे. पहिली गोष्ट सोबत. १९४५ मध्ये गुंडर हेगने मैलाचा विक्रम ४:०१.४ वर नेऊन ठेवला, तो नऊ वर्षं हलला नाही. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर ३:५९.४ धावला, तेव्हा ब्रॅशर आणि चॅटवे हे मित्र त्याच्यासाठी पुढे धावून वेग बांधून देत होते. सेहेचाळीस दिवसांनी जॉन लँडीने तो विक्रम मोडला, तेव्हाही पाठीमागे चॅटवेच होता. एकट्याने विक्रम होतात, पण क्वचित.

दुसरी गोष्ट साधनं. रस्त्यावरच्या शर्यतींचे बूट आता कार्बनची पट्टी आणि हलका, उसळणारा फोम घालून बनवतात. तळ चाळीस मिलिमीटरपेक्षा जाड नको, असा नियमच करावा लागला. ट्रॅकच्या आतल्या कडेला आता दिवे असतात. ठरवलेल्या वेगाने ते पुढे पुढे पेटत जातात आणि धावणारा त्यांच्याबरोबर राहतो. वेग कमी-जास्त झाला की ताकद वाया जाते, ती इथे वाचते. लांब पल्ल्याचे विक्रम गेल्या पाच-सहा वर्षांत भराभर मोडले, त्यात या दोन्हींचा वाटा आहे. डॅनियल कोमेनचा ३००० मीटरचा विक्रम अठ्ठावीस वर्षं टिकला होता. नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसेनने २०२४ मध्ये तो तीन सेकंदांहून अधिक फरकाने मोडला. १०० मीटरला मात्र हे दिवे काय कामाचे? तिथे वेग राखून ठेवायचा नसतोच.

मॅरेथॉनबद्दल विचारणारेही आहेत, कारण आपल्यातले निम्मे लोक साठीच्या उंबरठ्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पळायला लागले आहेत. केल्विन किपटमने २०२३ मध्ये शिकागोला २ तास ३५ सेकंद वेळ दिली. चार महिन्यांनी मोटार अपघातात तो गेला. वय चोवीस. एलियुड किपचोगे २०१९ मध्ये व्हिएन्नाला १:५९:४० धावला, पण पाळीपाळीने बदलणारे सोबती घेऊन, म्हणून ती वेळ विक्रमात धरली नाही. दोन तासांची भिंत पडणार. थंड हवा, सपाट रस्ता आणि शेवटपर्यंत खांद्याला खांदा लावून पळणारे दोघे मिळाले, की पडेल.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या विक्रमांकडे येतो. ते आपल्या वयाचे आहेत.

आपण नववीत गेलो त्या जूनमध्ये कपिलच्या संघाने विश्वचषक जिंकला. महिन्याभराने, २६ जुलै १९८३ ला, चेकोस्लोव्हाकियाची यार्मिला क्रातोख्विलोव्हा म्युनिकमध्ये ८०० मीटर १:५३.२८ मध्ये धावली. तो विक्रम आजही उभा आहे. आपण अकरावीत होतो तेव्हा, ६ ऑक्टोबर १९८५ ला, पूर्व जर्मनीची मारिटा कोख कॅनबेराला ४०० मीटर ४७.६० मध्ये धावली. तोही उभा आहे. १९८८ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरने १०० मीटरला १०.४९ आणि २०० मीटरला २१.३४ वेळ दिली. तेही उभे आहेत. पुरुषांचे त्या काळातले धावण्याचे विक्रम केव्हाच गेले. बायकांचेच एवढे का राहिले?

याचं उत्तर अवघड आहे आणि जपून द्यायला हवं. पूर्व जर्मनीत सरकारी पातळीवरून खेळाडूंना उत्तेजकं दिली जात होती, हे एकीकरणानंतर कागदपत्रांतून बाहेर आलं. पुरुषी संप्रेरकांचा परिणाम बायकांच्या शरीरावर जास्त होतो, हेही माहीत आहे. पण कोख, क्रातोख्विलोव्हा, ग्रिफिथ-जॉयनर यांच्यापैकी कुणीही चाचणीत कधी दोषी आढळली नाही. १०.४९ च्या शर्यतीत वाऱ्याच्या मापकाने शून्य दाखवलं, आणि त्याच वेळी शेजारच्या तिहेरी उडीच्या मापकावर वारा सेकंदाला चार मीटरहून जास्त होता. मर्यादा दोनची. तरी विक्रम मान्य झाला. पंच म्हणून मी एवढंच म्हणेन की पुरावा नसेल तर निकाल बदलता येत नाही. आणि शंका असली तर ती मिटतही नाही.

२०१७ मध्ये युरोपच्या ॲथलेटिक्स संघटनेने एक प्रस्ताव आणला होता : ज्यांचे नमुने जपून ठेवलेले नाहीत असे २००५ पूर्वीचे सगळे विक्रम बाजूला काढा. मॅरेथॉनची पॉला रॅडक्लिफ त्यावर चिडली, कारण तिचा २००३ चा विक्रमही त्यात जाणार होता. मला तिचं म्हणणं पटलं. वह्या तपासता येत नाहीत म्हणून सगळ्या वर्गाला नापास करायचं, हा न्याय आपल्या एकाही सरांनी आपल्याला लावला नाही. प्रस्ताव पुढे बारगळला. आणि हा प्रश्न जुन्याच काळाचा आहे असंही नाही. महिलांच्या मॅरेथॉनमध्ये रुथ चेपनगेटिचने गेल्या वर्षी २:०९:५६ वेळ दिली. यंदा, नंतरच्या एका चाचणीवरून तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. विक्रम मात्र आधीचा, म्हणून तो वहीत कायम आहे.

दिवाळीनंतर एका स्पर्धेत ४०० मीटर धावून आलेल्या मुलीने मला विचारलं, "सर, जगात सगळ्यात भारी वेळ किती?" मी वेळ सांगितली, साल सांगितलं. ती म्हणाली, "माझी आई तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती. तेव्हाच्या बायका आमच्यापेक्षा जोरात पळायच्या का?"

मित्रहो, या प्रश्नात सगळं आलं. चाळीस वर्षं प्रामाणिकपणे घाम गाळणाऱ्या मुलींना आपण सांगत आलो, की तुमच्या आधीच्या जास्त चांगल्या होत्या. आपल्या वर्गातल्या त्या दोघी आठवतात ना, ज्या मधल्या सुट्टीत निम्म्या मुलांना मागे टाकायच्या? त्यांची वेळ कुणी कधी घेतली नाही. मैदानावर चुन्याची रेषा होती, सरांची शिट्टी होती, घड्याळ नव्हतं. दहावीत असताना आपण लॉस एंजेलिसची बातमी वाचली, पी. टी. उषाचं कांस्यपदक एक शतांश सेकंदाने गेलं. वेळ घेतली गेली, म्हणून निदान ते अंतर तरी कळलं. माणसाला खरं माप मिळणं हा त्याचा हक्क आहे.

त्या मुलीला मी १८ सप्टेंबरची गोष्ट सांगितली. टोकियोच्या जागतिक स्पर्धेत, पावसाने ओल्या झालेल्या ट्रॅकवर, अमेरिकेची सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन ४७.७८ मध्ये धावली. ती मुळात अडथळ्यांची धावपटू, ४०० मीटर अडथळ्यांचा विक्रम तिचाच. तिच्या पाठोपाठ डोमिनिकन रिपब्लिकची मारिलेडी पाउलिनो ४७.९८ मध्ये आली. चाळीस वर्षांत कोखच्या इतक्या जवळ कुणी पोचलं नव्हतं. मग मी तिला म्हटलं, "अंतिम रेषेवर उभी राहा आणि दोन पावलं मागे ये." ती आली. "बस. एवढंच राहिलंय." तिने त्या दीड मीटरकडे बराच वेळ बघितलं.

जुने विक्रम खोडू नयेत, त्यांच्या पुढे पळून जावं, असं मला वाटतं. पुढे गेलं की वादही संपतो आणि कुणावर अन्यायही होत नाही.

आता माझे अंदाज, वर्गाच्या साक्षीने. सर्वांत आधी जाईल महिलांचा स्टीपलचेस किंवा ती रिले. मग पुरुषांचे ८०० मीटर. मग दोन तासांची मॅरेथॉन. कोखचे ४७.६० जातील, हा माझा अंदाज कमी आणि इच्छा जास्त. क्रातोख्विलोव्हाचा विक्रम अजून बराच लांब आहे. इंग्लंडची कीली हॉजकिन्सन १:५४.६१ पर्यंत आली आहे, म्हणजे अजून नऊ मीटर मागे. बोल्टला सध्या हात लावू नका.

२०३५ ला आपल्या बॅचचा सुवर्णमहोत्सव आहे. तेव्हा ही स्मरणिका घेऊन या आणि हिशेब करा. अंदाज चुकले तर सगळ्यांचा चहा माझ्याकडे. मात्र ४७.६० गेला असेल, तर पेढे मी वाटणार, आणि पहिला पेढा त्या दोघींना.