ओढ लागते

वेळ थोडा आहे, तेव्हा थेट मुद्द्यालाच हात घालतो. हल्ली बातम्यांत, भाषणांत, अगदी मुलांच्या निबंधांतसुद्धा 'तीव्र इच्छा' फार बोकाळली आहे. सासरी गेलेल्या मुलीला म्हणे माहेरी जाण्याची 'तीव्र इच्छा' होते! अहो, तिला माहेरची ओढ लागते. एवढा चांगला शब्द घरात असताना ही उसनवारी कशाला?

हाव सुटते, आस धरता येते, ध्यास तर ठरवून घेता येतो. ओढ मात्र लागते. 'मी ओढ केली' असं कुणी म्हणत नाही. मन घराकडं ओढ घेतं, असं म्हणतो खरं. पण तिथंही कर्ता मन, मी नव्हे.

दिवेलागणीला रानातून परतणारी गाय आठवा. गोठा दिसायच्या आधीच तिची चाल बदलते. गुराखी मागं राहतो, ती पुढं. इकडं वासरू खुंट्याशी हंबरत असतं, हिसडे देऊन देऊन दावं ताठ झालेलं असतं. ओढ दोन्हीकडून आहे, हे ध्यानात घ्या. हाव एकट्याला सुटू शकते. पैशाला आपलं काही देणंघेणं नसतं. ओढीला पलीकडं कुणीतरी लागतं. म्हणून 'लेकराची ओढ' कानाला गोड लागते आणि 'पैशाची ओढ' खटकते. त्याच गोठ्यातलं एखादं जनावर ओढाळ निघतं, कितीही हाकला, दुसऱ्याच्या शेतातच शिरतं. बहिणाबाई चौधरींनी मनाला 'वढाय' म्हटलं, ते अशाच जनावरावरून.

आणि आषाढी वारी! वेळापूरजवळ धावा होतो. कित्येक दिवस चाललेली, तळपायाला फोड आलेली माणसं धावत सुटतात. पंढरपूर तर अजून पुढंच असतं. याला नुसती इच्छा म्हणाल?

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: ओढ करायची नसते, ती लागते. मुलांच्या वहीत 'तीव्र इच्छा' दिसली, तर आधी विचारा, कशाची? आई, गाव, मैत्रीण असं काही उत्तर आलं, तर तिथं ओढ लिहायला सांगा.

आता 'यंदा पावसानं ओढ दिली' हा प्रयोग घ्या. पाऊस लांबला, एवढाच त्याचा अर्थ. पण गंमत बघा, इथं ओढ लागते आपल्याला आणि देतो तो. शेतकऱ्यानं हे क्रियापद कसं... पण वेळ झाल्याची खूण झाली आहे.