दुसऱ्या प्रकारची रॅली



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागला, त्या दिवशी डिलाईल रोडच्या नाक्यावर आम्हांला तिघांनी अडवून एकच प्रश्न विचारला : "रॅली कुठून निघणार, आणि आझाद मैदानात किती वाजता पोचायचं?" त्यांचा दोष नाही. आमच्या रस्त्याला आज ना. म. जोशींचे नाव आहे. १९२० साली आयटकची स्थापना झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. अशा रस्त्यावर रॅली म्हणजे मोर्चा, झेंडे आणि घोषणा. आमचीही हयात त्याच रॅलीत गेली. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते मोटारींच्या रॅलीविषयी.

हा अधिकार आम्हांला कोणी दिला, असे कोणी विचारील. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील साचेखात्यात होते. संप लांबला, घरातली पितळेची भांडी एकेक करून गेली, आणि पुढच्याच वर्षी शाळा सोडून आम्ही एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. इंग्रजी अक्षरे आम्ही मोटारीच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर वाचायला शिकलो. उरलेले शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तात्पर्य, आम्ही मोटार ओळखतो ती खालून. वरून तिच्यात बसणारे निराळे!

रॅली या शब्दाचा मूळ अर्थ पांगलेल्यांनी पुन्हा एका जागी येणे असा आहे. १९११ साली माँटे कार्लोची पहिली रॅली झाली. तिच्यात युरोपातल्या निरनिराळ्या शहरांतून गाड्या निघाल्या आणि मोनॅकोला येऊन मिळाल्या. म्हणजे नाक्यावरच्या त्या तिघांचा अर्थ आणि मोटारवाल्यांचा अर्थ, दोन्हींचे मूळ एकच.

आता हा खेळ चालतो कसा ते पाहू. साध्या शर्यतीत सगळ्या गाड्या एका गोल मार्गावर एकदम सुटतात आणि एकमेकींना मागे टाकतात. रॅलीत तसे नसते. येथे गाड्या एकामागून एक, ठरावीक मिनिटांच्या अंतराने सुटतात. भांडण शेजाऱ्याशी नसून घड्याळाशी असते. मार्गही बांधीव नसतो. कच्चा रस्ता, घाट, जंगल, बर्फ, वाळवंट, जे असेल ते. या मार्गाचे दोन भाग पडतात. पहिला विशेष टप्पा. तेथे रस्ता इतरांना बंद असतो आणि गाडी अंगात असेल तेवढ्या वेगाने पळते. दुसरा जोडरस्ता. एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना त्याच गाडीला तुमच्याआमच्यासारखे सिग्नलला थांबावे लागते. प्रत्येक नाक्यावर पोचण्याची वेळ नेमलेली असते. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचले तरी दंड! भोंगा झाल्यावर आलेल्या कामगाराला गेटबाहेर ठेवणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले. पण लवकर आल्याबद्दल दंड करणारा अजून भेटायचा आहे.

या शिस्तीवरच उभा असलेला एक सौम्य प्रकारही आहे. त्यात सरासरी वेग आधी ठरवून दिलेला असतो आणि जो तो वेग काटेकोर पाळील तो जिंकतो. १९१९ साली स्थापन झालेल्या आपल्या मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनने महिलांसाठी मुंबईहून घाटापलीकडे अशा रॅली भरवल्या आहेत. तेथे लागते ते डोके, हिशेब आणि संयम. घरखर्चाचा ताळा जमवणाऱ्या भगिनींना ते निराळे शिकवावे लागत नाही.

रॅलीच्या गाडीत माणसे दोन असतात. एक चालवतो, दुसरा वाचतो. दोघे आधी सावकाश त्या रस्त्याने जातात आणि वळणन् वळण वहीत टिपून ठेवतात. मग प्रत्यक्ष धावताना सहचालक मोठ्याने सांगत जातो : "शंभर मीटर, डावे चार, मग उजवे दोन, आवळत जाते, आत दगड, कापू नको." पुढे धूळ असो, धुके असो की रात्र असो, चालक त्या शब्दांवर गाडी टाकतो. १९५५ साली इटलीतल्या हजार मैलांच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन हा लेखक बसला होता. त्याने रस्त्याची टिपणे कागदाच्या एका लांब गुंडाळीवर लिहून नेली होती. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येईनात म्हणून तो हातवाऱ्यांनी वळणे सांगत होता. ती शर्यत दोघांनी १० तास ७ मिनिटांत जिंकली. नाव मॉसचे झाले. पण दुसऱ्याच्या शब्दावर न दिसणाऱ्या वळणात शिरणे, याला आम्ही विश्वास म्हणतो. आमचा डिलाईल पूल २०१८ साली बंद झाला तो पुरता खुला व्हायला २०२३ उजाडले. त्या पाच वर्षांत येथला प्रत्येक टॅक्सीवाला चालक झाला आणि प्रत्येक उतारू सहचालक. फक्त बक्षीस कोणाला मिळाले नाही!

हा खेळ परदेशचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणाल, तर १९६८ सालची हकीकत ऐका. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या सिडनीला निघाल्या. युरोप, तुर्कस्थान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या दिल्लीला आणि तेथून मुंबईला आल्या. वाटेत आपल्या देशात रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसांची इतकी दाटी झाली होती की चालकांना डोंगरापेक्षा गर्दीची धास्ती वाटली. मुंबईत पोचलेल्या ७२ गाड्या 'चुसान' या बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता.

पुढे १९८० साली मुंबईच्याच नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली. कंपाला येथे भारतीय कुटुंबात जन्मलेल्या शेखर मेहतांनी आफ्रिकेतली सफारी रॅली १९७३ साली, आणि मग १९७९ पासून १९८२ पर्यंत ओळीने चार वेळा, अशी एकूण पाचदा जिंकली. नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. पुण्याचे संजय टकले २०२५ साली सौदी अरेबियातल्या डाकार रॅलीच्या क्लासिक विभागात मोटार घेऊन उतरले. त्याच डाकारमध्ये २०२४ साली केरळातल्या शोरनूरच्या हरित नोहाने मोटारसायकलींच्या 'रॅली-२' गटात पहिला क्रमांक मिळवला.

तरीही आमचे सहकारी म्हणतात, हा पैसेवाल्यांचा खेळ, तू त्यात कशाला पडतोस? पैसा लागतो हे खरे आहे. पण गाडी पैशावर चालत नाही, हातांवर चालते. टप्पे संपले की गाडी दुरुस्तीच्या तळावर येते आणि मिस्त्र्यांना मोजकी मिनिटे मिळतात. तेवढ्यात धुरा, सस्पेन्शन, वेळ पडली तर गिअरबॉक्ससुद्धा बदलायचा. टप्प्यात काही मोडले तर त्या दोघांनीच, जवळ असेल त्या सामानानिशी, निभावायचे. जेथे मिस्त्रीचे एक एक मिनिट निकालात मोजले जाते, तो खेळ आमच्या लेखी परका नाही.

पण जेथे हात आहेत तेथे अपघातही आहेत. आमच्या गॅरेजात घोड्या नव्हत्या. नुसत्या जॅकवर गाडी उचलून पोरांना खाली सरकवत. एकदा जॅक घसरला आणि आमच्या जोडीदाराची दोन बोटे गेली. मालकाने टॅक्सीचे भाडे दिले आणि हिशेब मिटला, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही पोरांनी ठरवले, घोड्या आल्याखेरीज गाडीखाली जायचे नाही. तिसऱ्या दिवशी घोड्या आल्या. युनियन हा शब्द तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हता. गोष्ट मात्र कळली होती.

पुढे कित्येक वर्षांनी वाचनालयात आम्ही १९८६ सालची पोर्तुगालची हकीकत वाचली. त्या काळी 'ग्रुप बी' नावाच्या गाड्या होत्या. शक्ती अफाट आणि वजन हलके. लोक रस्त्यावर उभे राहून गाडीला हात लावण्याची पैज मारीत. तेथे एक गाडी गर्दीत शिरली आणि तीन प्रेक्षक मेले. तेव्हा कंपन्यांचे नामांकित चालक एकत्र बसले, आणि लोकांच्या जिवाची शाश्वती नाही म्हणून आम्ही पुढे चालवणार नाही, असे सह्यानिशी कळवून मोकळे झाले. मंडळी, याला आमच्याकडे संप म्हणतात! त्याच वर्षी मे महिन्यात कॉर्सिकामध्ये हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो गाडीसह जळून गेले. मगच त्या गाड्या १९८७ पासून जागतिक स्पर्धेतून बंद झाल्या. चालकांनी मार्चमध्ये ओरडून सांगितले होते. ऐकायला आणखी दोन जीव जावे लागले.

आणि हे परदेशापुरते नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बारमेरजवळ राष्ट्रीय स्पर्धेच्या टप्प्यात धावत्या गाडीची मोटारसायकलीशी धडक झाली आणि एकाच घरातली तिघे गेली. आम्ही येथे कोणाचा न्याय करायला उभे नाही. एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. रस्ता दोरी बांधून बंद होत नाही. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराला कळले, पटले, आणि दवाखान्याला जायची दुसरी वाट दाखवली, म्हणजे तो बंद होतो. रॅली भरवणाऱ्यांनी गावात आधी यावे, गावाच्या भाषेत बोलावे, गावचीच माणसे शिकवून, मजुरी देऊन, राखणीला उभी करावी. रस्ता आज तुमचा असेल. उद्या पहाटे पुन्हा दूधवाल्याचा आहे.

शेवटी पुन्हा १९६८ कडे वळतो. १७ डिसेंबरला सिडनी काही तासांवर राहिले होते. ल्युसियन बियांकी आणि ओजिए यांची सित्रोएन सर्वांच्या पुढे होती. इतक्यात समोरून एक मिनी गाडी आली, टक्कर झाली, आणि बियांकी जखमी होऊन आत अडकला. मागून पॅडी हॉपकर्क येत होता. पहिला येण्याची आशा त्यालाही होती आणि घड्याळ चालू होते. तो थांबला, मदतीला धावला, आणि पहिल्या क्रमांकाची आशा त्याने तेथेच सोडली. अँड्र्यू कोवन साध्या घरगुती 'हिलमन हंटर' गाडीत पहिला आला, हॉपकर्क दुसरा. बक्षिसाच्या यादीत पहिले नाव कोवनचे आहे, आणि ते रास्त आहे. पण पांगलेल्यांनी एकत्र येणे हा जर रॅलीचा अर्थ, तर ती त्या दिवशी त्या मोडलेल्या गाडीपाशीच भरली होती, असे आम्हांला वाटते.

नाक्यावरच्या त्या तिघांना आमचे एवढेच उत्तर आहे.