जळालेला ट्रान्स्फॉर्मर

माझ्या जुन्या व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाचा ट्रान्स्फॉर्मर जळाला, तेव्हां मीं उतावीळपणें नवा बसविला. तोहि घटकाभरांत जळाला! दोष त्याचा नव्हताच. रेक्टिफायर व्हॉल्व्हपुढील कपॅसिटर आंतून शॉर्ट झाला होता, आणि त्याचा न पेलणारा भार ट्रान्स्फॉर्मरवर पडत होता.

यास्तव आधीं कपॅसिटर व रेक्टिफायर तपासावे. नव्याचीं ६.३ व्होल्टचीं व उच्च दाबाचीं वेटोळीं जुन्याशीं जुळवावीं. प्रथम वीज देतांना वाटेंत १०० वॉटचा तंतूचा दिवा एकसर जोडावा; तो प्रखरच राहिला, तर दोष अजून आंत आहे असें समजावें. वीज तोडल्यावरहि कपॅसिटरमध्यें ३०० व्होल्ट दडून राहूं शकतात. ते रेझिस्टरमधून उतरविल्यावांचून आंत हात घालूं नये.

माझे दोन गेले. आपला दुसरा जाऊं नये, एवढ्यासाठींच हें निवेदन.