घाटातली दरड आणि सरकारी ठेका



घाट उतरू लागला की एसटीतली माणसे दरीच्या बाजूच्या खिडकीकडे सरकतात. तिकडे धबधबा दिसतो, खालची भातखाचरे दिसतात, आणि पोटात गोळा यायचा तोही तिकडेच पाहून येतो. डोंगराच्या बाजूला काय पाहायचे? काळा कातळ, त्यावर शेवाळ, मधूनमधून लोंबणारी मुळे. पण गेल्या काही वर्षांत त्या कातळावर एक नवी गोष्ट पुष्कळ घाटांतून दिसू लागली आहे. ती म्हणजे लोखंडी तारेची जाळी. आज मी बोलणार आहे ते या जाळीविषयी, आणि जाळीपेक्षाही तिच्यामागच्या कागदांविषयी.

मी इंजिनियर नव्हे. अर्थशास्त्र शिकवतो. पण आमचे कॉलेज घाटमाथ्यावर आहे आणि माझे बरेच विद्यार्थी घाटाखालच्या वाड्यांतून रोज वर येतात. काही वर्षांपूर्वी, ऐन ऑगस्टात, संध्याकाळच्या गाडीवर वरून एक धोंडा आला. पाट्याएवढा असेल. टपाचा पत्रा फाडून तो दोन बाकांमधल्या वाटेत पडला. दैव बलवत्तर म्हणून कोणाला लागले नाही. पुढच्याच बाकावर माझ्या वर्गातली एक मुलगी बसली होती. दुसऱ्या दिवशी ती तासाला आली आणि तास संपल्यावर मला म्हणाली, "सर, तिथं तर जाळी लावलीय. मग दगड आला कुठून?"

मला उत्तर देता आले नाही. ते शोधत मी वर्षभर हिंडलो. जे हाती लागले ते तुम्हांला सांगतो.

आधी डोंगराकडे पाहू. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झाला, हे शिक्षक मंडळींना ठाऊकच आहे. हे थर सारखे नाहीत. एखादा थर घट्ट, लोखंडासारखा. त्याच्याखालचा भोकाभोकांचा, ठिसूळ. आणि दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या मऊ मातीचा पट्टा. पावसात मऊ थर झिजतो, धुपतो. वरचा घट्ट कातळ मग छज्जासारखा पुढे येऊन अधांतरी राहतो. त्यात उभ्या-आडव्या भेगा असतातच. भेगांत पाणी शिरते, पिंपळा-उंबराची मुळे शिरतात आणि पाचरीसारखी त्या रुंदावत नेतात. अशा डोंगराला सुरुंग लावून आपण रस्ता काढला. सुरुंगाने कातळ फुटला तेवढाच फुटला असे होत नाही. मागचा, जागेवर राहिलेला कातळही हादरून जातो.

हे सारे मला पुस्तकातून कळले असते. पण कळले ते एका निवृत्त मैलकुलीकडून. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी या घाटात काढली. एके रविवारी मी त्यांना म्हटले, "मामा, मला तो दगड कुठून आला ते दाखवा." ते घण घेऊन आले. घण कसला, लहान हातोडाच. कातळावर एके ठिकाणी ठोकून म्हणाले, "ऐका." खणखणीत आवाज आला. चार पावले पुढे जाऊन पुन्हा ठोकले. आवाज आला बद्द, फुटक्या मडक्यासारखा. "ह्यो सुटलाय आतून. ह्या साली न्हाई तर फुडल्या साली येणार." मग त्यांनी वर बोट केले. जाळी जिथे संपत होती तिथून पंधरा-वीस हात वर, झाडीत, एका धोंड्याची ताजी खोबण दिसत होती. दगड जाळीच्या मागून आलाच नव्हता. जाळीच्या वरून आला होता.

जाळी तिथेच का संपली? कारण तिथे रस्ता-खात्याची हद्द संपत होती. तिच्या वरचा डोंगर वनखात्याचा. वनजमिनीवर दुसरे काही काम करायचे तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने केंद्र सरकारची आधी मान्यता लागते. हा कायदा चांगला आहे, तो नसता तर सह्याद्रीवर आज आहे तेवढेही रान उरले नसते. पण ज्याने अंदाजपत्रक तयार केले त्याने मान्यतेच्या वाटेला न जाता हद्दीपुरते काम धरले. दगडाला हद्द कोण सांगणार? खाली येताना तो कुणाची परवानगी घेत नाही.

आता येणाऱ्या दगडाचे बळ किती असते ते पाहा. एक मीटर लांब, एक रुंद, एक उंच असा काळ्या पाषाणाचा धोंडा पावणेतीन टनांच्या आसपास भरतो. तो ३५ मीटर उंचीवरून सुटला तर रस्त्याशी येईपर्यंत त्याचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जातो आणि त्याची ऊर्जा जवळजवळ हजार किलोज्यूल होते. दहा टनांचा भरलेला ट्रक ताशी ५० किलोमीटर वेगाने येऊन धडकावा, तेवढी. म्हणून युरोपात दगड अडवणाऱ्या लवचीक कुंपणांची प्रत ऊर्जेवर ठरवतात. शंभर किलोज्यूलची, पाचशेची, हजाराची, अशी थेट साडेचार हजारांपर्यंत. खरोखरीच ठोकळा आदळवून परीक्षा घेतात. म्हणजे "जाळी लावली" एवढे म्हणणे हे "औषध दिले" म्हणण्यासारखे झाले. कोणते, किती, कशावर, हे सांगितले पाहिजे.

कातळाला चिकटून असलेली साधी जाळी काही हजार किलोज्यूल अडवण्यासाठी नसते. ती दगडाला पाठीशी धरून हळूहळू पायथ्याशी सोडते. मोठे धोंडे जागीच धरायचे तर कातळात खोल भोके पाडून लोखंडी बोल्ट घालतात आणि भोवती सिमेंटचा पातळ रस भरतात. खरी ताकद त्या बोल्टांत. आणि ते दिसत नाहीत.

इथे माझे अर्थशास्त्र सुरू होते.

सरकारी काम कसे दिले जाते? आधी अंदाजपत्रक. त्यात बाबी मांडतात: जाळी इतके चौरस मीटर, बोल्ट इतके मीटर, संरक्षक भिंत इतके घनमीटर. दर दरसूचीतून घेतात. मग निविदा निघते. ठेकेदार बयाणा भरतो, आपली पात्रता एका लिफाफ्यात आणि दर दुसऱ्यात देतो. आता हे लिफाफे संगणकावर असतात, एवढाच फरक. आपल्याकडे बी-१ नावाचा जो नमुना आहे त्यात ठेकेदार एकच आकडा सांगतो: अंदाजाच्या इतके टक्के वर किंवा इतके टक्के खाली. पात्र लोकांत ज्याचा आकडा कमी त्याला काम. फारच खाली गेला तर जादा अनामत घेतात.

रस्त्याच्या डांबराला ही पद्धत बरी चालते. खडी किती, डांबर किती, थर किती, हे खोदून पाहता येते. आणि वाईट काम पहिल्या पावसात आपोआप बोलते. पण कड्यावरच्या कामाचे तसे नाही. समजा, पंधरा टक्के खाली जाऊन कुणी काम घेतले. ते पंधरा टक्के त्याने काढायचे कुठून? जाळीतून काढता येत नाहीत. ती रस्त्यावरून शेंबड्या पोरालाही दिसते. चार मीटरचा बोल्ट अडीच मीटरचा झाला तर? बाहेरून चकती तीच, नट तोच. मोजमाप पुस्तकात चार मीटर लिहिले की चारच. प्रत्येक ठेकेदार असे करतो असे मी म्हणत नाही. प्रामाणिक माणसेही या धंद्यात आहेत. उलट मला वाईट वाटते ते त्यांच्याचसाठी. जो पूर्ण चार मीटर भोक पाडणार त्याचा आकडा वर जातो आणि काम दुसऱ्याला मिळते. वाईट नाणे चांगल्या नाण्याला बाजारातून हाकलते असे आम्ही वर्गात शिकवतो. इथे नाण्याच्या जागी भोक आहे एवढेच.

यावर उपाय नाही असे नाही. भोक पाडताना, रस भरण्यापूर्वी, खोली मोजायची. आणि काही बोल्ट, कोणते ते ठेकेदाराने नव्हे, खात्याने ऐन वेळी निवडून, जॅकने ओढून पाहायचे. हे निविदेत वेगळी बाब म्हणून लिहिले तर त्याचे पैसे मिळतात आणि ते होते. नुसते "उत्तम प्रतीचे काम करावे" असे लिहिले तर काय होते ते सांगायला नको.

पण आमच्या घाटात मला दुसरीच गोष्ट दिसली, आणि ती मला चोरीहून गंभीर वाटते. त्या जाळीचे पोट सुटले होते. वरून सुटलेले दगड तिच्या मागे खाली साचून तळाशी मोठी ढेरी झाली होती, आणि एके ठिकाणी तारा तुटू लागल्या होत्या. मी संबंधित कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी सौजन्याने सारे कागद दाखवले. काम वेळेवर पुरे. मोजमाप बरोबर. बिल चुकते. दोषाची जबाबदारी ज्या मुदतीपर्यंत ठेकेदारावर होती तीही संपलेली, आणि अनामत परत. मी विचारले, "मग साचलेले दगड काढायचे कोणी?" ते म्हणाले, "सर, ती बाब करारात नाही." त्यात त्यांची चूक काय? जाळीने आपले काम केले होते, दगड धरले होते. धरलेले दगड उपसायचे मात्र कुणाच्याच कागदावर नव्हते.

म्हणजे दगड दर वर्षी पडतो आणि ठेका एकदाच निघतो.

याच सह्याद्रीत दुसरे एक खाते याच कातळाशी झगडते आहे, त्याची रीत पाहण्यासारखी आहे. मध्य रेल्वेच्या बोरघाटात आणि थळघाटात डोंगरावर चढणाऱ्या गँगा आहेत. पावसाळ्यापूर्वी दोर बांधून ही माणसे कड्यावर उतरतात, सैल धोंडे हेरतात, फोडतात, खाली पाडतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कोकण रेल्वेने हा धडा फार महाग घेतला. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीने गाडी घसरून पन्नासहून अधिक माणसे गेली. दुसऱ्याच वर्षी, २००४ च्या जूनमध्ये, मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळांवरच्या धोंड्यांमुळे घसरली. त्यानंतर तिथे कापे कलते करणे, जाळ्या लावणे ही कामे झाली, आणि पावसाळ्यात गस्त घालणे व गाड्यांचा वेग उतरवणे ही नित्याची शिस्त होऊन बसली. रेल्वेला आपली लाइन सोडून जाता येत नाही. ठेकेदाराला घाट सोडून जाता येतो.

मग रस्त्याच्या ठेक्यातच पाच-सात वर्षांची देखभाल का घालू नये? दर पावसाळ्यानंतर जाळी उपसणे, तुटलेल्या तारा जोडणे, सैल दगड काढणे, आणि त्यासाठी खालची वाहतूक थांबवण्याचा खर्चही. या प्रत्येकाला वेगळा दर, आणि पैसे त्या त्या वर्षी, काम पाहून. पहिल्या दिवशी आकडा मोठा दिसेल हे खरे. पण पावसाळ्यात पडलेली दरड उपसायला जेसीबीचे भाडे, बंद पडलेला घाट, चाळीस-पन्नास किलोमीटरचा वळसा, नासलेले दूध आणि बुडालेला बाजार हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही म्हणून तो नसतो असे थोडेच आहे!

आणखी एक, अगदी साधी गोष्ट. अमेरिकेत रिची नावाच्या संशोधकाने कड्यांवरून शेकडो दगड लोटून, त्यांची चित्रे घेऊन, ते कुठे पडतात याचा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध केला. उभ्या कड्यावरून सुटलेला दगड पायथ्याजवळ पडतो. कलत्या उतारावरून येणारा उसळ्या घेत दूर जातो. म्हणून कड्याची उंची आणि उतार पाहून पायथ्याशी रुंद, खोल चर ठेवला तर पुष्कळसे दगड तिथेच निमूट पडून राहतात. जाळीपेक्षा हे कितीतरी स्वस्त. आपल्या घाटांत अशी जागा कुठे कुठे आहेही. तिथे आपण काय करतो? मक्याच्या कणसांची शेगडी मांडतो, नाहीतर धबधबा पाहायला गाडी उभी करतो.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही खेड्यातली माणसे, आम्हांला निविदेतले काय कळते? अहो, मलाही कळत नव्हते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने कराराची, मोजमाप पुस्तकाची नक्कल मागता येते, एवढेच नव्हे तर कामाची पाहणी करण्याचाही अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये लागतात. करार हाती आला की तीन गोष्टी पाहा. जाळी वर कुठपर्यंत धरली आहे? बोल्ट ओढून पाहण्याची बाब आहे का? आणि काम संपल्यावर दगड उपसायचे कोणी? इंग्रजी अडले तर गावात शिक्षक आहेतच.

आणि एक वही ठेवा. आमच्याकडे ती घाटाच्या माथ्यावरच्या चहाच्या दुकानात टांगली आहे. एसटीचे कंडक्टर, दूधवाले, सकाळी कॉलेजला येणारी मुले, ज्याला रस्त्यावर नवा दगड दिसेल तो तारीख, जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा, नारळाएवढा की पाट्याएवढा, आणि पाऊस होता की नव्हता, एवढे लिहितो. थांबायचे नाही, कड्याखाली उतरायचे तर मुळीच नाही. दुकानापर्यंत येऊन लिहायचे. पहिल्या पावसाळ्यातल्या नोंदी मी उतरवून घेतल्या तेव्हा असे दिसले की निम्म्याहून अधिक दगड एकाच वळणावर येतात, आणि जाळी आहे ती त्याच्या अलीकडच्या वळणावर. मैलकुली मामांना हे सांगितले तर ते हसले. म्हणाले, "मला इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं."

वहीची नक्कल आम्ही त्या कचेरीत दिली आहे. तिथल्या तरुण अभियंत्याने ती बसून वाचली आणि वनखात्याकडच्या मान्यतेसह नव्याने अंदाजपत्रक करण्यासाठी टिपण पाठवले. अंदाजपत्रक अजून व्हायचे आहे. या वर्षी वही भरली म्हणून दुकानदाराने दुसरी आणून टांगली.