हे वादळ कोणते?



आता तुम्हांला वाचता येऊ लागले आहे. वर्तमानपत्रातले मोठे मथळे तुम्ही जुळवून वाचता. फार छान झाले. पण मथळा वाचला म्हणजे बातमी कळली, असे होत नाही. आज आम्ही एकच शब्द घेऊन चार गोष्टी बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे 'वादळ'.

अर्नाळ्याच्या माणसाला वादळ काय ते शिकवायला नको. वैतरणेच्या मुखाशी आपले गाव. समोर दर्या, दर्यात किल्ला. वादळ म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे होड्या येतात. होड्यांत गेलेली माणसे येतात. पण वर्तमानपत्रात हाच शब्द निरनिराळी कामे करतो. कसा ते पाहू या.

समजा, पहिल्या पानावर छापले आहे, 'विधानसभेत वादळ'. तिथे वारा नाही, लाटा नाहीत. आमदारांचे कडाक्याचे भांडण झाले, एवढाच त्याचा अर्थ. खेळाच्या पानावर 'वादळी खेळी' असते. फलंदाजाने थोड्या चेंडूंत पुष्कळ धावा काढल्या, म्हणून ती वादळी. 'भाषणावरून वादळ उठले' म्हणजे कोणी काही बोलले आणि लोक रागावले. ही झाली माणसांची वादळे.

आता आभाळातली वादळे घ्या. 'वादळी पाऊस' म्हणजे विजा, गडगडाट आणि सोसाट्याचा वारा. तो बहुधा काही तासांत सरतो. 'चक्रीवादळ' निराळे. समुद्रावर वारा चाकासारखा गरगर फिरतो. त्याचा वेग ताशी 62 किलोमीटर झाला, की हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते आणि नाव देते. ही नावे आपल्या भागातल्या 13 देशांनी मिळून सुचवलेली असतात. ती कधी अगदी साधी असतात. 'वायू', 'गुलाब', 'निसर्ग'! 'निसर्ग आज किनाऱ्यावर' एवढेच वाचले, तर झाडे-वेली डोळ्यांपुढे येतील. पण 3 जून 2020 रोजी हेच 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. घरांवरची छपरे उडाली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

मग अर्थ ओळखायचा कसा? शब्दाच्या शेजारी पाहा. माणूस ओळखायचा तर त्याची संगत पाहतो ना आपण? शब्दाचेही तसेच आहे. शेजारी सभा, भाषण, पुढारी असले, तर वादळ तोंडाचे. शेजारी चेंडू आणि धावा असल्या, तर खेळाचे. शेजारी वाऱ्याचा वेग, किनारा, तारीख असली, तर वादळ खरोखरीचे. तिथे थांबा आणि बातमी शेवटपर्यंत वाचा.

आता महत्त्वाची गोष्ट सांगतो. भांडणाचे वादळ पुष्कळदा मोठ्या अक्षरांत छापतात. आणि आपल्या जिवाची बातमी कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. तिच्यात 'वादळ' हा शब्द नसेलही! तिथे लिहिलेले असते, 'समुद्र खवळलेला राहील.' किंवा, 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' किंवा, 'बंदरावर तीन नंबरचा बावटा.' हा बावटा बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे असे सांगतो. नुसता 'वादळ' हा शब्द शोधणारा माणूस ही ओळ सोडून देईल. आपण ती सोडायची नाही.

आणखी एक. 'वादळ गुजरातला धडकणार' असे वाचून, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. मे 2021 मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ आले. ते जमिनीला लागले गुजरातमध्ये, 17 मेच्या रात्री. पण त्याच दिवशी मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-305' नावाचा तराफा बुडाला आणि कितीतरी कामगार दगावले. मथळ्यातले गाव म्हणजे वादळ जमिनीला लागण्याचे ठिकाण. वाटेतला समुद्र तर आपलाच असतो, बरं का!

बातमी आता मोबाइलवरही येते. कुणी तरी जुनीच बातमी पुढे पाठवतो. तेव्हा आधी तारीख पाहा. मग किनारा कोणता ते पाहा. मग वाऱ्याचा वेग पाहा. शेवटी मच्छीमारांसाठी काय सांगितले आहे ते वाचा.

भगिनींनो, हे काम तुम्हीही करा. घरचा माणूस जाळी होडीत चढवत असेल, तेव्हा ती बारीक ओळ त्याला मोठ्याने वाचून दाखवा. तुम्ही अक्षरे शिकलात, त्यांचा याहून चांगला उपयोग आम्हांला तरी दिसत नाही.