सर्व्हर कोणाच्या घरी?

घाटकोपर-मुलुंडकडील एखाद्या नागरी सहकारी बँकेच्या संचालक मंडळापुढे आज येणारा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. खातेदारांचे हिशेब सांभाळणारे सर्व्हर स्वतःच्या कार्यालयात ठेवावेत, की ‘क्लाउड’वर, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रांवर, भाड्याने जागा घ्यावी? (नाव फसवे आहे, हा ढग चांदिवली-ऐरोलीच्या जमिनीवरच उभा असतो.) पण साधने कोणाची, हा समाजवाद्यांचा जुना प्रश्न त्यात दडलेला आहे.

स्वमालकीचा आग्रह धरणाऱ्यांनी २६ जुलै २००५ विसरू नये. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांतील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. तळमजल्यावर यंत्र आणि त्याची दुसरी प्रतही त्याच इमारतीत, अशा मालकीला अर्थ नाही. शिवाय अखंड वीज, वातानुकूलन, अहोरात्र जागणारा तंत्रज्ञ हा स्थिर खर्च आठ-दहा शाखांच्या बँकेला झेपत नाही. म्हणून भाडे स्वस्त वाटते.

परंतु ३१ जुलै २०२४ रोजी काय घडले? स्टेट बँक व टीसीएस यांच्या सी-एज या संयुक्त कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाल्याचे कळताच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिचा संपर्क तोडला. तिच्यावर विसंबलेल्या देशभरच्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार त्यामुळे थांबले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली खरी. पण तोवर या बँकांच्या हाती वाट पाहण्यावाचून काही नव्हते.

जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील नायरा एनर्जी या तेलकंपनीला याहून बोचरा अनुभव आला. तिच्यातील रशियन भागीदारीमुळे युरोपीय संघाने निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा स्थगित केल्या. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली व सेवा पुन्हा सुरू झाल्या. बोरिवलीच्या पतपेढीने कोणते न्यायालय गाठावे?

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये वित्तक्षेत्रासाठी स्वतंत्र क्लाउडची घोषणा केली. २०२४ पासून नागरी बँकांची शिखर संस्थाही उभी आहे. सामायिक, सभासदांना जाब देणारी यंत्रणा तेथूनच मागितली पाहिजे. तोवर भाडेकरार करणाऱ्या संचालकांनी बाहेर पडण्याचे कलम आधी वाचावे, हिशेबांची प्रत दुसऱ्या गावी स्वतःच्या ताब्यात ठेवावी, आणि वर्षातून एक दिवस त्या प्रतीवर प्रत्यक्ष कामकाज चालवून पाहावे.